तेविसावी ओळ

शाळांतल्या परिचारिकांना मी बारा वर्षं प्रशिक्षण देते, पण पहिल्या तासाला काही शिकवत नाही. आधी हात दाखवायला लावते. पन्नाशीला टेकलेल्या परिचारिका, ज्यांनी स्वतः हजारो पोरांची नखं तपासलीत, त्या शाळकरी मुलींसारखे हात पुढे करतात आणि एकमेकींकडे बघून हसतात. मी हसत नाही. मी पट्टी शोधत असते. कुणाच्या बोटाला पट्टी दिसली की तिची खैर नसते. जखमेचं बोट अन्नाजवळ न्यायचं नाही, पाण्याच्या पिंपाजवळही नाही, हे मी तिला असं काही सुनावते की बिचारी दिवसभर हात टेबलाखाली घेऊन बसते. पाठीमागे मला 'पट्टीबाई' म्हणतात, ते मला माहीत आहे. म्हणू देत.

दुसरा नियम दोन तासांचा. शिजवलेलं अन्न बाहेर राहून दोन तास झाले की ते फेकायचं. वास चांगला येतोय, चव बरी लागतेय, टाकवत नाही, असली कारणं मला सांगायची नाहीत.

आणि मग माझा खेळ. प्रत्येकीला एक कार्ड मिळतं. कार्डावर एका मुलाचा क्रमांक, वय, तो सिक रूममध्ये आला ती वेळ, त्याने काय खाल्लं, किती उलट्या झाल्या. जिच्या हाती कार्ड ती ते मूल व्हायची. तिच्या जोडीदारणीने तिला प्रश्न विचारायचे आणि उत्तरं भिंतीवरच्या लांब कागदावर एका ओळीत लिहायची. मग भूमिका बदलायच्या. बावीस कार्डं, बावीस ओळी. शेवटी सगळ्यांनी मिळून गुन्हेगार शोधायचा, म्हणजे पोरं कशाने आजारी पडली ते सांगायचं.

उत्तर ठरलेलं असे: दुपारचं जेवण. हे खरंच घडलेलं प्रकरण होतं, अठरा वर्षांपूर्वीचं, मी परिचारिका होते त्याच शाळेतलं. तेव्हा दोष आला तो स्वयंपाकघरातल्या मावशींवर. त्यांची नोकरी गेली. त्यानंतर त्यांच्या हातचं कुणी खाल्लं नाही. शेजारणी तर सोडाच, घरात सूनही त्यांना पातेल्याला हात लावू देईना. शेवटी त्या बेकरीमागच्या एका खोलीत वेगळ्या राहू लागल्या. मी बाजारात जाताना बेकरीचा रस्ता टाळून वळसा घालून जाते, अठरा वर्षं.

यंदा आरोग्य कार्यालयाने माझ्या टिपणांची पुस्तिका करायला घेतली होती. सोळाव्या पानावर हे प्रकरण होतं, 'स्वयंपाकिणीच्या निष्काळजीपणाचे उदाहरण' या मथळ्याखाली. मावशींचं नाव नव्हतं, पण आमच्या भागात न ओळखण्यासारखंही काही नव्हतं. प्रत्येक शाळेत एकेक प्रत जाणार होती. यंदाच्या प्रशिक्षणाच्या दिवशी चार वाजता कार्यालयातले साहेब छपाईचा खर्डा घेऊन येणार होते, माझी सही झाली की छापखाना सुरू. ते पान खोटं आहे, हे जगात एकाच माणसाला माहीत आहे अशी माझी समजूत होती. तो माणूस सही करणार होता.

नेहमीच्या सभागृहाचं छत दुरुस्तीला काढलेलं, म्हणून त्या खेपेला प्रशिक्षण माझ्या जुन्या शाळेत ठेवलं. सुट्ट्या होत्या. रिकामी शाळा ही काही बरी जागा नव्हे. बाकं भिंतीला लावून ठेवलेली, फळ्यावर कुणीतरी अर्धवट पुसलेली बेरीज, आणि आपल्याच चपलांचा आवाज आपल्या मागून येतोय असं वाटत राहतं. आम्हाला तळमजल्यावरचा मोठा वर्ग दिला होता. त्याच्या शेजारची खोली सिक रूम. मधलं दार मी सकाळीच बंद करून घेतलं होतं. आत बघितलंही नव्हतं.

शिपायाने खुर्च्या मांडल्या त्या तेवीस. मी त्याला म्हटलं, बाबा, बावीस जणी आहेत, मी काही बसणार नाही. तो म्हणाला, तुम्हीच तर तेवीस सांगितल्यात, सकाळी फोनवर. मी त्याला फोन केलाच नव्हता. कोण वाद घालणार म्हणून एक खुर्ची भिंतीशी सरकवली आणि कामाला लागले.

सकाळ ठीक गेली. हात बघून झाले, एकीच्या करंगळीला पट्टी निघाली, तिची शोभा करून झाली. जुलाब-उलट्यांच्या पोराला मीठ-साखरेचं पाणी किती आणि कसं पाजायचं, मोठ्या दवाखान्यात कधी हलवायचं, उलटी न पुसता आधी नमुना कसा घ्यायचा, सगळं झालं. या बॅचमध्ये एक चष्मेवाली होती, नोकरीला जेमतेम वर्ष झालेली. मी बोलताना ती लिहीत नसे, नुसती माझ्याकडे बघत बसे. मला अशा मुली आवडत नाहीत. आपण मनात बोललेलंही त्यांना ऐकू जातं.

दुपारी खेळ सुरू झाला तशी मी बाहेर व्हरांड्यात गेले. माझी ती सवयच आहे, मी समोर असले की त्या बुजतात. आतून प्रश्नांचा गलका येत होता. काय खाल्लंस, किती वाजता, शेजारी कोण बसलं होतं. मोठ्या बायका लहान पोरांचे आवाज काढत होत्या आणि खिदळत होत्या. मग हळूहळू खिदळणं थांबलं. मला वाटलं, आता कुठे मनावर घेतलंय.

पंधरा मिनिटांनी आत आले आणि भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं. मोजायची गरज नव्हती, तो कागद मला पाठ आहे. बाविसाव्या ओळीखाली आणखी एक ओळ होती.

"ही कुणी लिहिली?" मी विचारलं.

चष्मेवालीने हात वर केला. तिचं असं म्हणणं पडलं की तिच्या जोडीचं काम लवकर संपलं, म्हणून ती मधलं दार उघडून सिक रूम बघायला गेली. तिथे पलंगावर एक सिस्टर डोक्यावरून चादर घेऊन, पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिला वाटलं, हिला जोडीदारीण मिळालेली दिसत नाही.

"काम काय छान करत होत्या त्या, मॅडम. अगदी बारीक आवाज काढला. मी विचारलं, बाळा, तुझी माहिती कुणी घेतली का? तर म्हणाल्या, मला कुणी विचारलंच नाही."

मी खुर्च्या मोजल्या. बावीस जणी बसलेल्या, एक खुर्ची भिंतीशी रिकामी. मी विचारलं, यातली कोणती? चष्मेवालीने एकेकीकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, नाही, त्या बुटक्या होत्या, दोन वेण्यांच्या. वेण्या तर इथे कुणाच्याच नव्हत्या. सगळ्यांचे अंबाडे, नाहीतर कापलेले केस.

एकजण हसली. दुसरी म्हणाली, शिपायाची मुलगी असेल. मला ते फार पटलं, म्हणजे पटवून घ्यावंसं वाटलं. मग मी कागदाजवळ जाऊन ती ओळ वाचली.

वय नऊ. त्रास सुरू झाला दहा वाजून वीस मिनिटांनी. दुपारचं जेवण नाही. शाळेतलं सकाळचं दूध दोन पेले, एक स्वतःचा, एक मैत्रिणीचा, तिला साय आवडत नव्हती म्हणून. आणि शेवटच्या रकान्यात, जिथे परिचारिकेने काय केलं ते लिहायचं असतं, तिथे चष्मेवालीच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'सिस्टर म्हणाल्या, रोज मरे त्याला कोण रडे. पाणी पाजून वर्गात परत पाठवलं.'

हे वाक्य मी एकदाच बोलले होते, सिक रूमच्या दारात, अठरा वर्षांपूर्वी, आणि ते ऐकायला त्या पोरीशिवाय तिथे कुणीही नव्हतं.

ती रोजच यायची हो. कधी पोट, कधी डोकं, कधी नुसतीच. तापातून उठलेली, काटकुळी पोर, दोन वेण्यांचं ओझं जास्त आणि मुलगी कमी. त्या दिवशी वार्षिक परीक्षेचा पेपर होता. पेपर चालू असताना शिक्षक कुणालाही उठू देत नव्हते. हिलाच तेवढं सोडलं, कारण तिची सवय सगळ्यांना माहीत. मी वैतागलेली. माझ्या अंगठ्याला नखुर्डं झालं होतं, ठणका डोक्यापर्यंत जात होता. मी तिच्या कपाळाला हातही लावला नाही. ते वाक्य टाकलं, पेलाभर पाणी दिलं आणि पाठवून दिलं. रजिस्टरमध्ये नोंदही केली नाही. रोजच्या रडगाण्याची कोण नोंद करतं?

साडेबाराला पेपर सुटला, पोरं जेवायला बसली आणि एकपासून माझ्या दारात रांग लागली. बावीस पोरं. मी प्रत्येकाच्या नावापुढे वेळ लिहिली, ते माझ्या दारात आलं ती वेळ. सगळ्याच परिचारिका अशी लिहितात, घड्याळ समोर असतं, पोर समोर असतं. आजार मात्र दारात सुरू होत नाही. तो वर्गात, बाकावर, तोंड दाबून बसलेल्या पोराच्या पोटात सुरू झालेला असतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं मी म्हणू शकते. संध्याकाळी रजिस्टर बघताना मात्र कळलं होतं. वरून अधिकारी आले, त्यांनी वेळा बघितल्या, सगळ्या जेवणानंतरच्या, आणि ते सरळ स्वयंपाकघरात गेले.

"मॅडम," चष्मेवाली मागून म्हणाली, "या एका मुलीला जेवणाआधी त्रास झाला असेल, तर जेवण कारण कसं असेल?"

मी तिला झापलं. खेळातली कार्डं बावीस आहेत, स्वतःच्या मनाने भर घालायची नसते, परीक्षेत असं केलंत तर शून्य मिळेल, असं बरंच काही. आवाज चढला होता माझा. ती कार्ड उलटसुलट करत राहिली.

"कार्डावर आल्याची वेळ आहे," ती थोड्या वेळाने म्हणाली, जणू स्वतःशीच. "दुखायला कधी लागलं, ते कुठेच नाही."

बारा वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं. मी ते विचारू देत नसे, घाई करत असे. मी फडकं घेऊन ती ओळ पुसायला निघाले, पण ती मार्करने लिहिलेली. एवढ्यात पुढच्या रांगेतली सगळ्यात वयस्कर परिचारिका बोलली. जाडजूड, थट्टेखोर बाई, सकाळपासून तिने सगळ्यांना हसवलं होतं. ती कार्डाकडे बघत नव्हती. दोन्ही हात पोटावर धरून समोर बघत होती.

"मला तर अकरापासूनच मळमळत होतं," ती म्हणाली. "पण पेपर होता ना. बाईंनी उठू दिलं नाही."

पेपरचं मी कुठल्याही कार्डावर लिहिलेलं नाही. कधी कुणाला सांगितलेलंही नाही.

"मला साडेदहाला," तिच्या मागची म्हणाली. "मी उलटी गिळली."

"मला पण अकरा."

"मी पेपर कोरा दिला."

कुणी लहान पोराचा आवाज काढत नव्हतं. स्वतःच्याच आवाजात, अगदी साध्या, थकल्या सुरात त्या एकामागून एक सांगत होत्या, आणि चष्मेवाली फळ्यावर खडूने चौकोन काढत होती, एका पोरामागे एक, ज्या तासाला दुखायला लागलं त्या तासाच्या डोक्यावर. बारा वर्षं मी तो मनोरा एक ते दोनच्या मध्ये उभा करत आले होते. बघता बघता तो सरकून दहा ते बाराच्या मध्ये आला. बोलून झाल्यावर एकेकीने कार्डाकडे बघितलं आणि गोंधळून शेजारणीला विचारलं, अगं, हे मी काय बोलले?

मी मधलं दार उघडून सिक रूममध्ये गेले. व्हरांड्याचं दार त्या सगळ्यांच्या पलीकडे होतं; पळायला हाताशी तेवढीच वाट होती आणि ती नेमकी तिथेच जात होती.

खोली बदलली नव्हती. दोन पलंग, वजनाचा काटा, भिंतीवर उंचीची पट्टी. एका पलंगावर चादर विस्कटलेली, मधे छोटासा खळगा. शेजारच्या स्टुलावर स्टीलचे दोन पेले. एक रिकामा. दुसऱ्यात दूध, वर साय धरलेली. मी पेल्याला हात लावला तर तो कोमट होता. शाळेला दहा दिवस सुट्टी होती, इमारतीत चूल पेटलेली नव्हती, आणि आम्ही चहासुद्धा समोरच्या टपरीवरून मागवला होता. अठरा वर्षांत कधी न दुखलेला माझा अंगठा नखाच्या मुळाशी ठणकायला लागला.

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण भीतीपेक्षा जास्त लाज वाटली. ती पोर मला घाबरवायला आलेली नव्हती. तिने काही मागितलंही नव्हतं. तिची माहिती घ्यायची राहिली होती, तेवढी ती द्यायला आली होती.

चार वाजता साहेब आले. माणूस भला, घाईचा. हातात खर्डा, खिशातून पेन आधीच काढलेलं. मी त्यांना भिंतीशी राहिलेली ती खुर्ची दिली, मग लगेच उठवलं आणि शिपायाकडून दुसरी मागवली. सगळ्या बसल्यावर मी फळ्यासमोर उभी राहिले.

"ते दूध मी कालवलं होतं," मी म्हणाले. "पावडरीचं. पोरांना वाटायचं काम माझ्याकडे असे, सकाळची गडबड नको म्हणून आदल्या संध्याकाळीच. डाव सापडेना, म्हणून गुठळ्या हाताने फोडल्या. या हाताने. अंगठ्याला नखुर्डं होतं, पू धरलेलं. रात्रभर पातेलं बाहेर राहिलं आणि सकाळी मी ते चांगलं खळखळून उकळलं. उकळलं की सगळं मरतं, असं मला वाटलं."

मग मी त्यांना शिकवलं, त्या दिवसातलं पहिलं खरं शिकवणं. जंतू मरतात, पण त्यांनी रात्रभर दुधात सोडलेलं विष उकळूनही मरत नाही. दीड-दोन तासांत पोट ढवळायला लागतं. पोरं आजारी पडली तेव्हा मीच मावशींना धावत जाऊन सांगितलं होतं, भांडी घासून टाका, सगळं ओतून द्या, वरून माणसं येतील. त्या बाईंनी माझ्या शब्दावर नमुन्यासाठी राखलेल्या वाट्यासुद्धा ओतून दिल्या. आणि मग तपासणीत लिहिलं गेलं, नमुने राखलेले नाहीत. त्या वाट्या तपासल्या असत्या तर मावशी एका दिवसात सुटल्या असत्या. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण इथे चोराने स्वतः दोर वळून दिला होता.

दोन वेण्यांच्या मुलीचंही सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती घरीच वारली, ताप उलटला म्हणे. रजिस्टरमध्ये तिचं नाव नव्हतं, म्हणून प्रकरणातही ती नव्हती.

आणि सांगता सांगता हेही तोंडातून निघालं, की हात बघायची रीत माझी नाही. ती मावशींची. त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर त्या प्रत्येकाला अडवायच्या, शाळेचे अध्यक्ष असोत की भाजीवाला. आधी हात दाखवा. मी त्यांची नोकरी घालवली आणि त्यांचं वाक्य वापरून बारा वर्षं नाव कमावलं.

साहेबांनी घसा साफ केला आणि मला बाजूला घेऊन हळूच समजावलं. अठरा वर्षं झाली, आता कोण विचारतंय, झाकली मूठ सव्वा लाखाची. हवं तर ते पानच गाळून टाकू, तुमचंही राहील, त्यांचंही राहील.

"त्यांचं काय राहील, साहेब?" मी विचारलं.

मी सोळाव्या पानावरचा मथळा खोडला आणि 'परिचारिकेच्या निष्काळजीपणाचे उदाहरण' असं लिहिलं. खाली घडलं ते सगळं लिहिलं आणि आधी नाव, मग सही, असं सुटं सुटं, वाचता येईल असं केलं. साहेब म्हणाले, हे मला वर दाखवावं लागेल, प्रशिक्षण बंद होईल तुमचं, कदाचित चौकशीही. मी म्हटलं, दाखवा. मग भिंतीवरच्या कागदाकडे गेले. तेविसाव्या ओळीत क्रमांकाचा रकाना रिकामा होता. चष्मेवालीने नाव विचारलं होतं म्हणे, पण पोर म्हणाली होती, सिस्टरांना माहीत आहे. मला माहीत होतं. मी ते लिहिलं. मागे कुणाच्यातरी खुर्चीचा पाय करकरला तशी मी वळले, पण सगळ्या जणी भिंतीशी उभ्या होत्या आणि कुणीच बसलेलं नव्हतं.

साडेपाचला मी बेकरीच्या रस्त्याने गेले.

मावशींची खोली मागच्या बाजूला, दार अर्धं उघडं. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या दारात उभी राहिले. त्या वाकल्या होत्या, केस पांढरे झाले होते, पण ओटा असा लखलखीत की त्यावर शस्त्रक्रिया करावी. त्यांनी मला लगेच ओळखलं. या, म्हणाल्या, जणू काल भेटलो होतो. मी बसले नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, सोळावं पान, आजचा दिवस, तेविसावी ओळ. रडणार नाही असं ठरवून गेले होते, ते जमलं नाही.

मावशींनी टेबलाकडे बघितलं. टेबलावर एक छोटं ताट झाकून ठेवलेलं होतं, शेजारी पेला.

"म्हणून आज आली नाही होय," त्या म्हणाल्या. "मी बारापासून वाट बघत होते."

मी विचारलं, कोण?

"दोन वेण्यांची हो. दुपारी येते, मागच्या दाराने. पोटात दुखतंय म्हणते. मी म्हणते, ये बाई, दोन घास खा, बरं वाटेल. सून म्हणते म्हातारी भिंतीशी बोलते. बोलेना का. अठरा वर्षांत माझ्या हातचं खाणारी तेवढी एकच."

ताटाकडे बघून मी एवढंच म्हणाले की आता ती येणार नाही बहुतेक. माहिती द्यायची राहिली होती, ती देऊन झाली.

मावशींनी मान हलवली. मग ताटावरच्या झाकणावर हात ठेवला. मी म्हटलं, मावशी, मला वाढा. त्यांच्या हातचं खाणारं कुणीतरी उरायला हवं, असं मला वाटत होतं, आणि भूक तर सकाळपासून मेली होती. त्यांनी झाकण उचललं, आत बघितलं आणि ताट सरळ बादलीत रिकामं केलं.

"दोन तासांवर गेलं ते," त्या म्हणाल्या. "आता कुणाला द्यायचं नाही. ताजा भात टाकते."

त्यांनी साबणाने मनगटापर्यंत हात धुतले, बोटांच्या बेचक्यांमधून, नखांखालून, मी शिकवते त्यापेक्षा दुप्पट वेळ. तांदूळ धुवायला घेतले. मी मदतीला पुढे झाले तशा त्या वळल्या आणि ओट्याच्या आड उभ्या राहिल्या.

"आधी हात दाखवा."

मी दोन्ही हात पुढे केले. कुठला हात ते मी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी डावा सोडून दिला. उजवा हातात घेतला, उजेडाकडे वळवला आणि अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला, जिथे नख आजही वाकडं येतं तिथे. रांगेतल्या पोरांना पाणी पाजताना माझ्या अंगठ्याला पट्टी होती, आणि स्वयंपाकघराचं दार सिक रूमच्या अगदी समोर होतं, हे मला अठरा वर्षांत आत्ता सुचलं.

"नखुर्डं बरं झालं ना?" त्यांनी विचारलं.